उन्हाळी कार्यक्रम आणि प्रतिपालक घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाच्या आवारात मे महिन्यात मुलांसाठी काही ना काही चालू असतं. गावातली मुलं येतात, तशी प्रतिपालक घरांत राहणारीही येतात. पालक, शिक्षक, पंच आणि नव्याने मदतीला येणारी कॉलेजची मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

प्रतिपालक घर म्हणजे दत्तक घरच ना?

नाही. दत्तक घेतलेलं मूल कायद्याने त्या घरचं होतं. प्रतिपालकत्वात, ज्याला सगळे फॉस्टर केअर म्हणतात, मूल काही काळासाठी एका कुटुंबाकडे सोपवलेलं असतं. ते सोपवण्याचा अधिकार अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीचा. आधार आहे बाल न्याय अधिनियम २०१५, त्यातलं कलम ४४. आई दीर्घ आजारी असेल, बाप तुरुंगात असेल, घरात दारूने सगळं विस्कटलं असेल, किंवा मागे कुणीच उरलेलं नसेल, तर मुलाला संस्थेत ठेवण्याऐवजी एखाद्या घरात वाढू द्यावं, हा त्यामागचा विचार. घर सावरलं आणि समितीची खात्री पटली की मूल परतही जातं. शिक्षण, आरोग्य, खाणंपिणं ही जबाबदारी प्रतिपालकांची, आणि समितीने दर महिन्याला पाहणी करावी असं कायदाच सांगतो. सख्खी भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत, हेही त्याच कलमात आहे.

आजी-आजोबांकडे किंवा मावशीकडे राहणाऱ्या मुलांची गोष्ट कागदोपत्री वेगळी असते. गोव्यात अशी घरं बरीच आहेत. आई-बाप आखातात किंवा बोटीवर कामाला आणि मूल आजीकडे, हे तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आमच्या दारात या कुणातच फरक केला जात नाही.

मग हे कार्यक्रम खास अशा मुलांसाठी आहेत का?

नाहीत, आणि तसा फलक आम्ही लावणारही नाही. मुलांचे कार्यक्रम सगळ्या मुलांसाठी असतात. जागृतीचे कार्यक्रम मोठ्यांसाठी असतात. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की एखाद्या दहा वर्षांच्या मुलीला व्यासपीठावर उभं करून "हिला घर मिळालं" असं सांगितलं जातं, टाळ्या पडतात आणि पोर मान खाली घालून उभी राहते. प्रतिपालकत्व म्हणजे काय ते गावाला कळायला हवंच. ते समजावून सांगण्यासाठी मूल दाखवायची गरज नाही.

हे सगळं उन्हाळ्यातच का?

एक तर सुट्टी. २०२५ पासून वरच्या वर्गांचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं, त्यामुळे आता मोकळा मिळतो तो मुख्यतः मे महिना.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सुट्टी लागली की वर्गातली मुलं आजोळी निघतात. कुणी सावंतवाडीला, कुणी काणकोणला, कुणी बेळगावला. प्रतिपालक घरातल्या मुलाला एकतर जायला आजोळ नसतं, किंवा असूनही तिथे जाता येत नाही. वर्षभर शाळेच्या गडबडीत जे जाणवत नाही ते मे महिन्याच्या दुपारी जाणवतं. वाड्यावर खेळायला कुणी उरलेलं नसतं. अशा वेळी सकाळी दोन-तीन तास जायला हक्काची जागा असणं, हे कुठल्याही भाषणापेक्षा मोठं काम आहे असं आम्हाला वाटतं.

कोणकोणते दिवस पाळता?

सगळे दिवस पाळायला गेलं तर रोजच कार्यक्रम करावा लागेल. आम्ही निवडून घेतो.

१५ मे हा आंतरराष्ट्रीय कुटुंब दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९३ मध्ये ठरवला. त्या दिवशी संध्याकाळी मोठ्यांची बैठक होते, वाचनालयाच्याच चौकात. बाल संरक्षणाचं काम करणारं कुणीतरी येतं, तासभर प्रश्नोत्तरं चालतात, भाषण नसतं. गेल्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला तो "रेशनकार्डावर नाव घालायचं का" या प्रश्नावर. अशाच प्रश्नांसाठी बैठक हवी.

२५ मे हा हरवलेल्या मुलांसाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस. न्यूयॉर्कमधला एक सहा वर्षांचा मुलगा १९७९ मध्ये याच तारखेला शाळेच्या बसकडे जाताना नाहीसा झाला, तिथून ही तारीख आली. आम्ही त्या दिवशी मुलांना एवढंच शिकवतो: गर्दीत चुकलात तर कुणाकडे जायचं, कुठला नंबर पाठ असायला हवा. नंबर एकच, १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

३० मे हा आपला घटक राज्य दिन, १९८७ चा. मुलांना गोव्याच्या नकाशावर तालुके ओळखायला लावतो. सांगे आणि सत्तरी यांची अदलाबदल दर वर्षी कुणीतरी करतंच.

१२ जून हा बालमजुरीविरोधी दिवस, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००२ पासून सुरू केलेला. गोव्यात याला गुळमुळीत घोषणांपेक्षा थेट विषय आहे: किनाऱ्यावर माळा विकणारी मुलं, गाड्यावर बशा विसळणारी मुलं. आपणच ज्या गाड्यावर रस-ऑम्लेट खातो तिथला पोरगा किती वर्षांचा आहे, हा प्रश्न मोठ्यांनी स्वतःला विचारावा. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिवस. तो फक्त मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी ठेवतो.

अमेरिकेत १९८८ पासून मे हा फॉस्टर केअरचा महिना म्हणून पाळतात. आपल्याकडे दत्तकविधानाच्या जागृतीचा महिना नोव्हेंबर. मेमधला कार्यक्रम अमेरिकेची नक्कल म्हणून नव्हे, मुलांना सुट्टी असते म्हणून.

लहान मुलांसाठी प्रत्यक्षात काय असतं?

सकाळी साडेआठ ते अकरा. घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) वाजवणं, नाटुकली, चित्रं, गोष्टी, जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चढवणं. बाहेर जायचं ठरलं तर पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. त्याची मुळं १८३२ पर्यंत जातात आणि तिथल्या मुलांच्या विभागातून पोरं बाहेर पडायला तयार होत नाहीत. मिरामारचं विज्ञान केंद्र. रायबंदरहून फेरीने चोडण, तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य. खरं सांगायचं तर पक्ष्यांपेक्षा फेरीबोट जास्त आवडते. ज्यांना वर्षभर काही शिकायचं असेल त्यांच्यासाठी बाल भवनाची केंद्रं आहेत. आमची बरोबरी त्यांच्याशी नाही.

नोंदणीच्या अर्जात 'वडिलांचं नाव' का नाही?

कारण त्याची गरज नाही. अर्जात मुलाचं नाव, वय, सोबत येणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव आणि फोन, काही आजार किंवा खाण्याचं पथ्य, आणि मुलाला घरी न्यायला कोण येणार, एवढंच आहे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात ज्यांची नावं आहेत त्यांच्याखेरीज कुणाच्याही हाती मूल दिलं जात नाही, मग तो माणूस गावातला कितीही ओळखीचा असो. काही जण रागावतात. रागावू देत.

फोटो काढले तर चालतील का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि उत्तर कुणालाच आवडत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं (प्रतिपालक घरातली मुलं त्यातच येतात) नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. वर्तमानपत्र, टीव्ही आणि संपर्काचं इतर कुठलंही माध्यम त्यात येतं, म्हणजे गावचा व्हॉट्सॲप ग्रुपही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता पंचाईत अशी की त्या एका मुलाला बाजूला करून बाकीच्यांचा फोटो काढला तर सगळ्यांना कळतंच की हा वेगळा. म्हणून आमचा नियम सरसकट आहे: कार्यक्रमात कुणाच्याच चेहऱ्याचा फोटो नाही. मुलांनी काढलेली चित्रं, मातीच्या वस्तू, घुमटावरचे हात, यांचे फोटो भरपूर काढा. स्थानिक वर्तमानपत्राला बातमी देतानाही आम्ही तेच पाठवतो. पाहुणे म्हणून आलेल्या नेत्यांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं. व्यासपीठावर मुलांना कवेत घेऊन उभं राहायची सवय सहज सुटत नाही.

"हा कुणाचा रे?" असं लोक विचारतात. काय सांगायचं?

गोव्यातल्या गावात हा प्रश्न येणारच. कुठल्या वाड्यावरचा, कुणाचा नातू, हे कळल्याशिवाय आपल्याला चहासुद्धा गोड लागत नाही. "आमच्याकडे असतो" एवढं उत्तर पुरे. पुढे कुणी खोदलंच तर विषय बदला, आंब्याचा भाव विचारा. मानकुरादचा भाव निघाला की माणूस बाकी सगळं विसरतो.

मुलाला मात्र आधी विचारून ठेवा की त्याला काय सांगितलेलं चालेल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं यावर स्वतःचं मत असतं. कुणाला "काकू" म्हणायचं असतं, कुणाला "आई". तेही त्याच्यावर सोडा.

गोष्टी सांगणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी काय टाळावं?

'माझा वंशवृक्ष', 'माझ्या बाळपणीचा फोटो', 'आईला पत्र' हे तिन्ही उपक्रम सरळ बाद. ज्या मुलाकडे बाळपणीचा एकही फोटो नाही त्याने काय आणायचं? त्याऐवजी 'मला आवडणारं माणूस' असं चित्र काढायला सांगा. एकाने कदंबाच्या कंडक्टरचं काढलं होतं, आणि ते त्या दिवशीचं सर्वांत छान चित्र होतं. सावत्र आईच्या गोष्टी निवडून सांगाव्यात, रोज नको. आणि "तू किती नशीबवान, असं घर मिळालं" हे वाक्य कुणीही, कधीही उच्चारू नये.

मूल एकदम गप्प झालं, किंवा उठून पळालं तर?

एकच माणूस मागे जाईल, दहा नाहीत. जवळ जाऊन प्रश्न विचारायचे नाहीत. थोड्या अंतरावर बसायचं, पाण्याची बाटली ठेवायची. फटाके, मोठा ढोल, कुणी मोठ्याने ओरडणं, दारूचा वास, अशा कशानेही जुनं काही वर येऊ शकतं. काजूच्या मोसमात हुर्राक प्यायलेला एखादा मामा दुपारी वाचनालयाच्या कट्ट्यावर येऊन बसतो. त्याला गोडीत घरी पोचवण्याचं काम आम्ही एका ठरावीक माणसाकडे दिलं आहे. चिडलेल्या मुलाला शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी येऊ नको असं सांगायचं नाही. यायचं की नाही हे त्याचं तो ठरवेल.

खाऊ काय असतो? आम्ही काही आणू का?

आणा. फणसाचे गरे, करवंदं, जांभळं, कैरीचं पन्हं, भिरंडांचं (कोकमाचं) सरबत. निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, तोही चालतो, पण सकाळी ताजा काढलेला. दुपारपर्यंत ठेवलेला नको, तो आंबायला लागतो. विकतचं क्रीमवालं काही नको, उन्हात टिकत नाही. काजूगर किंवा शेंगदाणे असतील तर आधी सांगा. कार्यक्रमात मासळी ठेवत नाही, ते फक्त सोयीसाठी. त्यात कुणी धर्म शोधू नये.

समुद्रावर, नदीवर नेता का?

समुद्रावर नेतो, पाण्यात उतरवत नाही. जीवरक्षक जिथे आहेत तोच किनारा, आणि लाल बावटा दिसला की घोट्यापर्यंतसुद्धा नाही. जून उजाडला की समुद्र बंदच.

खरी भीती समुद्राची नाही. वापरात नसलेल्या चिरेखाणींत साठलेलं पाणी, ओढ्यांतले डोह आणि गावची तळी यांत मुलं बुडतात. वरून पाणी शांत दिसतं, कडा सरळ तुटलेली असते, पाय टेकायला जागा नसते. प्रतिपालक घरात नवीन आलेल्या मुलाला गावातली धोक्याची जागा माहीत नसते. गावच्या पोरांना ती आजोबांनी कान उपटून दाखवलेली असते. म्हणून मूल घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला बरोबर घेऊन गाव फिरा.

जत्रा, फेस्त, सां जांव यांना मुलांना न्यावं का?

न्यावं. गावात वाढायचं तर गावचे सण हवेत. मडगावचं पुरुमेंताचं फेस्त मुलांना फार आवडतं: सुक्या मासळीचा वास, मिरच्यांचे ढीग, वर्षभराची बेगमी. २४ जूनला सां जांव, म्हणजे संत जॉनचं फेस्त. कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालून मिरवणुकीत फिरा, विहिरीत उडी फक्त पोहता येणाऱ्या मोठ्यांनी, आणि पिऊन नव्हे. दाटीच्या जागी मात्र जपून. २०२५ च्या ३ मेच्या पहाटे शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. लहान मूल घेऊन रात्रीच्या गर्दीत शिरू नका, दिवसा दर्शन घेऊन या.

आणखी एक. मुलाचा जन्मघरचा धर्म वेगळा असेल तर त्याला त्याच्याही सणाला नेता आलं पाहिजे.

सुट्टीत बाहेरगावी न्यायचं असेल तर परवानगी लागते का?

एका दिवसाच्या सहलीला आम्ही प्रतिपालकांची सही घेतो. मुक्कामाला किंवा राज्याबाहेर जायचं असेल तर समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आधी लेखी कळवा, त्यांचं उत्तर येऊ द्या, मगच तिकीट काढा. गोव्यातल्याच हॉटेलात राहणार असलात तरी समितीच्या आदेशाची प्रत जवळ ठेवा. गोवा बाल अधिनियम २००३ नुसार मूल कुटुंबासोबत किंवा नातेवाइकांसोबत नोंदलेलं असल्याशिवाय हॉटेलवाल्याला त्याला खोलीत जाऊ देता येत नाही. नियम चांगल्यासाठीच आहे, पण आडनावं जुळत नसली की काउंटरवर प्रश्न विचारले जातात, आणि ते मुलासमोर विचारले जातात.

मुलाची सख्खी आई कार्यक्रमाला आली तर?

समितीने मनाई केली नसेल तर आई-वडिलांना ठरावीक काळाने मुलाला भेटता येतं, कायद्यातच तशी तरतूद आहे. पण ती भेट कुठे आणि कधी हे समितीशी बोलून ठरतं, आमच्या शिबिराच्या दारात नाही. अचानक आली तर तिला बसवा, पाणी द्या, प्रतिपालकांना आणि बाल संरक्षण कक्षाला फोन करा. तिचा अपमान होता कामा नये. मुलाचं लक्ष असतं.

पैसे लागतात का? सरकार काही देतं का?

आमच्याकडे शुल्क नाही. सरकारी मदतीचं म्हणाल तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्व किंवा प्रायोजकत्वाखाली मंजूर झालेल्या मुलामागे दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. प्रायोजकत्व हे मुलाला स्वतःच्याच घरात राहता यावं यासाठी असतं, एकट्या आईला किंवा आजीला. पात्र असूनही कित्येक घरं अर्जच करत नाहीत. १५ मेच्या बैठकीत हे अर्ज भरून घ्यायला बसतो.

आम्हालाच प्रतिपालक व्हायचं असेल तर?

जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनंतर बरंच बदललं आहे. पूर्वी फक्त जोडप्यांना मूल देत. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तीलाही, वय किमान ३५ असेल तर, प्रतिपालक होता येतं. एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. जोडप्याचं लग्न टिकून किमान दोन वर्षं झालेली हवीत. मुलं साधारण सहा वर्षांवरची असतात. पाळण्यातलं बाळ हवं असेल तर हा रस्ता नव्हे. पुढे दत्तक घ्यायचं झालं तर पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे, आता दोन.

घराची चौकशी होते, शेजाऱ्यांना विचारतात. आणि घरातल्या म्हाताऱ्यांचं मत पहिल्या दिवशीच घ्या. सासूबाईंना नंतर सांगू असं म्हणणाऱ्यांचं पुढे अवघड होतं.

वाढदिवस बालगृहात साजरा करायचा आहे. तुम्ही सांगून द्याल?

नाही. तुमच्या मुलाचा केक कापताना रांगेत उभ्या असलेल्या मुलांना काय वाटतं याचा विचार करा. पैसे किंवा पुस्तकं द्यायची असतील तर संस्थेला विचारून, नाव न लावता द्या. फाटके टेडी आणि अर्धी भरलेली रंगवही घेऊन येऊ नका.

मदतीला यायचं आहे. काय करावं लागेल?

ओळखपत्राची प्रत, गावातल्या दोन माणसांचा हवाला, आणि एक संध्याकाळ आमच्यासोबत बसणं. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही, हा नियम सरपंचांपासून आमच्यापर्यंत सगळ्यांना. मुलाबाबत लैंगिक छळाची शंका जरी आली तरी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "आधी कमिटीत बोलू, मग बघू" हे तिथे चालत नाही. न कळवणं हाच गुन्हा.

कार्यक्रम मराठीत की कोंकणीत?

गोष्टीची पुस्तकं मराठी, खेळताना कोंकणी, भांडताना हिंदी. कन्नड बोलणारी मुलंही असतात. जी भाषा मुलाला येते तीत त्याच्याशी बोला, बाकीचं ती आपापसांत शिकतात.

जूनमध्ये पाऊस लागला की बंद?

अंगणातले खेळ बंद होतात, पुस्तकं चालू राहतात. शाळा सुरू झाल्यावर शनिवारी दुपारी वाचनालय मुलांसाठी उघडं असतं. छत्री दाराबाहेर ठेवा, चपला आत आणू नका, आणि पुस्तक नेताना वहीत सही करा.